माघारणीची ताल

साल दोन हजार चोवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी लिहिलीत, पण तो दाखला मास्तरांनी माझ्या उंचीकडं बघून लिहिलेला. मी आईच्या सांगण्यावर चालतो. आई म्हणायची, तू झालास त्या साली जोंधळा उभ्या माणसाला झाकत होता. शाळा म्हणाल तर दुसरी. तिसरीत ढोरांमागं गेलो. तरी लिहिता येतं, आणि आपल्या रानाबद्दल लिहायचं तर मला कुणाच्या पुस्तकात डोकवायची गरज नाही.

त्या साली पाडवा झाल्यावर एका दुपारी मी खालच्या रानात माघारणीची ताल बघायला गेलो. लई दिवसांत गेलो नव्हतो. गुडघ्याचं निमित्त होतं, आणि दुसरं निमित्त गोदावरी होती. गोदावरी म्हणजे माझी धाकटी बहीण. खालचं रान आता तिचं आहे. त्याच्या कडेला पत्र्याची खोली घालून ती एकटी राहते.

बाभळीच्या सावलीतून उतरलो आणि ताल दिसली. लांबून बघितली तर तीच, वाकडी, काळी, दगडावर दगड, मधे मधे केकताडाची हिरवी पाती वर आलेली. जवळ गेलो तर मधोमध पोट आलेलं. दगडाची ताल जुनी झाली, पाठीमागं माती चढत गेली, की मधले दगड हळूहळू पुढं येतात, दिवस भरलेल्या बाईसारखे. त्याला आमच्याकडं पोट आलं म्हणतात. पोट आलेली ताल एखादा पावसाळा काढते, पण तिचा भरवसा नाही. मी हात लावला. दगड उन्हानं तापले होते आणि त्यातला एक हातासरशी हलला.

ही ताल फुटली तर मागची सगळी माती वढ्यात जाणार. पुरुषभर खोल काळी माती आहे तिथं. वढ्यातून सीनेत, सीनेतून कुठल्या तरी धरणात, आणि धरणात गेलेली माती कुणाच्याच बापाची राहत नाही.

दुरुस्ती व्हायला पाहिजे होती हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. मी तिला निरोप धाडला होता की ताल मी नीट करून देतो, पण तिच्यामागं साचलेली माती माझ्याच वरच्या रानातून वाहून आलेली आहे, ती जुन्या रिवाजानं वर जाऊ दे. तिनं उलटा निरोप दिला, एक टोपलं जाणार नाही. तेवढ्यावर दोघं आपापल्या जागी बसलो. आमच्या घराण्यात वाकणारं माणूस जन्मालाच आलं नाही, आणि ह्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आता ज्यानं ताल बघितली नाही त्याला सांगायला पाहिजे. बांध वेगळा, ताल वेगळी. बांध माणसांसाठी असतो. हे तुझं, हे माझं. तो मोजणीवाल्याच्या साखळीसारखा सरळ जातो. ताल मातीसाठी असते. ती उताराला आडवी पडते, वाकत वाकत जाते, आणि पाणी जिथं म्हणेल तिथं वळते. तिच्यात चिखल भरत नाहीत, चुना तर नाहीच. पाण्याला फटीतून जाऊ द्यायचं, माती तेवढी अडवायची. पाणी अडवायला गेलात तर पाणी ताल घेऊन जातं.

आमचा बाप ताल धरायचा तेव्हा घरातली मोठी पितळी परात रानात न्यायचा. ती जमिनीवर ठेवून काठोकाठ पाणी भरायचा आणि स्वतः पालथा पडायचा, हनुवटी मातीत टेकवून. एक डोळा मिटून पाण्याच्या अंगावरून पलीकडं बघायचा. मग हात वर करायचा, आणि तो दाखवील तिथं आम्ही तुराटी रोवायची. वारा आला की पाणी हलायचं आणि बाप तसाच पडून राहायचा, वारा थांबेपर्यंत. पाठीवर मुंग्या चढायच्या. आई म्हणायची, "उठा की वो, जेवायचं न्हाय का?" तो म्हणायचा, "पान्याला इचारतोय. ते सांगंल तवा उठतो." त्या परातीत आभाळ दिसायचं. कधी एखादी घार जायची त्यातून.

आमचं रान माळापासून खाली वढ्यापर्यंत उतरत येतं. वर बोरीची ताल, मग मधली, आणि वढ्याच्या काठाला शेवटची, माघारणीची. सासरहून माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडं माघारीण म्हणतात. तिला आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. हे दोन शब्द कळले की पुढचं सगळं कळतं, असं मला लई वर्षं वाटत होतं.

माझ्या लहानपणी पाडव्यानंतर माघारीण आणायचे दिवस यायचे. जोंधळ्याचं खळं उरकलेलं, कडबा रचलेला, रान मोकळं. कडुलिंबाला मोहोर आलेला असायचा आणि त्याचा तो कडसर गोड वास सकाळच्या गारव्यात गावभर फिरायचा. बाप गाडीला दोन्ही अंगांनी फळ्या बांधायचा. कबऱ्या आणि हौशा जुंपायचा. चाकाला वंगण घालायचं काम माझं. त्या वंगणाचा वास नखात दोन दिवस राहायचा, आणि मी तो मुद्दाम धुवायचो नाही. तो वास असला की आपण मोठ्या माणसांत जमा.

पावसाळ्यात वरच्या रानातून जी माती सुटते ती बोरीच्या तालीला चुकवते, मधल्या तालीला चुकवते, पण माघारणीच्या तालीशी येऊन थांबते. पुढं वढा असतो. तिथून माघारी यायची वाट नाही. तर ही थांबलेली माती आम्ही उन्हाळ्यात गाड्या भरून परत वरच्या रानात नेऊन पसरायचो. गावातली सगळीच माणसं हे करत होती असं नाही. तालीच्या रानाची चार घरं तेवढी करायची. आम्ही त्यातले.

पहिली टोपली पुरुषानं भरायची नाही. घरातली लेक, माहेरी आलेली, तिनं भरायची. आधी आत्या भरायच्या, त्यांच्यामागं गोदावरी. लग्नाआधीसुद्धा ती हट्टानं भरायची आणि बाप तिला हसून भरू द्यायचा. आई त्या मातीला हळदकुंकू लावायची, मग लेकीला लावायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि ती टोपली मात्र गाडीत टाकायची नाही, चालत वर न्यायची. वरच्या रानात बाप आधीच जाऊन उभा असायचा. तो हाळी द्यायचा,

"कोण आलं?"

खालून उत्तर, "माघारीण आली."

"कुठवर गेलती?"

"वढ्याच्या काठापातूर."

"पुन्यांदा जाशील?"

"पाऊस न्हील तवा."

एवढं झालं की टोपली उलटी करायची आणि बाप दोन्ही हातांनी माती फाकायचा, जशी लाह्या पसराव्यात तशी. मग गाड्या सुरू. दिवसभर चाकांचा कुरकुराट, फळ्यांवर माती पडल्याचा धप्प आवाज, बायकांच्या ओव्या. आईच्या तोंडची एक ओवी माझ्या कानात अजून आहे:

माती ग माघारीण, आली ओघळी-ओघळीनं
भाऊ मुराळी गेला, कबऱ्या-हौशाच्या जोडीनं

त्या मातीचा वास मला लिहिता येणार नाही, तरी लिहितो. वरचा थर तापलेला, त्याला भाजक्या जोंधळ्याचा वास. हातभर खाली गेलं की माती गार, आणि तिला रांजणाखालच्या ओलीचा वास. चैत्राच्या उन्हात ती गार माती मुठीत धरली की घाम आपोआप सुकायचा. मी आणि गोदा ती गालाला लावायचो.

आणि त्या मातीत काय काय निघायचं. वरच्या रानात वर्षभरात जे जे हरवलं ते ते तिथं येऊन थांबलेलं. खुरप्याचं पातं. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. गोगलगायीचे पांढरे शंख, हे तर मूठभर. एका साली माझा भवरा निघाला, आर गंजलेली, पण रंगाची लाल रेघ तशीच. एका साली आईच्या गळ्यातला एक काळा मणी गोदाला सापडला आणि आईनं तो पुन्हा ओवला. मला वाटायचं, माणसाचं हरवलेलं सगळं उताराला लागतं, आणि ताल धड असली तर ते कुठं जात नाही.

दुपारी लिंबाखाली जेवण. गाडग्यात आंबील, येसराची आमटी, भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आमटी पितळीत ओतली की तिच्यावर लिंबाची फुलं गळून पडायची. ती वेचून कुणी टाकत नव्हतं.

जेवण झाल्यावर बाप आडवा व्हायचा आणि सांगायचा. माती ही रानाची लेक. पावसाच्या हातात हात देऊन ती जाते, तिला नाही म्हणता येत नाही, लेकीला कुणी कायमचं घरात ठेवलंय का? पण तिला वढ्यापलीकडं जाऊ द्यायचं नसतं. तिच्यासाठी काठावर एक ताल ठेवायची आणि वर्षाकाठी एकदा भावानं गाडी घेऊन जायचं. म्हणून ती माघारणीची ताल. बाप एवढं सांगून डोळे मिटायचा. बायका त्या वेळी भांडी घासत असायच्या, राख आणि वाळू, आणि कुणी काही बोलायचं नाही.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. तालुक्याहून शेतीचे साहेब आले तेव्हा त्यांना सांगितली. सोयरिकीच्या बैठकीत सांगितली. एकदा परंड्याहून कुर्डुवाडीच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगितली. तो उतरला तरी मी खिडकीतून सांगत होतो. लोकांना ती आवडायची. मला तर आवडायचीच.

मग ते दिवस गेले. कबऱ्या-हौशामागं दोन जोड्या झाल्या, तिसरी झाली नाही. ट्रॅक्टर आला, तो त्या उताराला उतरत नाही. गाडीची चाकं गोठ्याला टेकून उभी राहिली, मग तीही कुणी नेली. माती खालीच थांबायला लागली आणि वरचं रान पांढरं पडत चाललं. आता तिथं नांगर घातला की फाळ मुरमावर खरडतो आणि तो आवाज दातात शिरतो. माझा पोरगा म्हणतो, जेसीबी लावू, तळ्यातला गाळ आणू. मी म्हणालो, परकी माती आणायला आपली काय मेली का?

गोदावरीचं लग्न माकणीकडं झालं होतं. लांब दिलेली, लोहारा तालुक्यात. दोन एसट्या बदलून यायची. बापानं तिला चोळीबांगडीला म्हणून वढ्याकाठची पट्टी दिली होती. तेव्हा कुणाला त्या पट्टीचं काही वाटलं नाही. ती कसत नव्हती, मागत नव्हती. दिवाळीला यायची, पंचमीला यायची, रानात एक चक्कर टाकायची आणि जायची.

दोन वर्षांमागं तिचा कारभारी गेला. पोरगा पुण्यात कंपनीत. एके दिवशी ती एक ट्रंक, दोन कोंबड्या आणि एक घमेलं घेऊन एसटीतून उतरली. मी म्हणालो, घरात ये, वरची खोली रिकामी आहे. ती म्हणाली, "रानात ऱ्हाते दादा." मला वाटलं चार दिवसांचं खूळ. तिनं पत्रे आणले. भिंती सारवल्या. गाव म्हणायला लागलं, भावानं बहिणीला रानात टाकली. मी पारावर जायचं सोडलं. मी हाताला धरून तिला घरी आणायला गेलो, दोनदा, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो.

तिनं त्या पुरुषभर मातीत वांगी लावली, मिरची लावली, शेपू आणि मेथी लावली. बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन परंड्याला जाते. माझ्या रानाची माती तिच्या वांग्यात चकाकते हे मी बघत होतो. ते मला खुपत होतं असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

तर त्या दुपारी मी तालीला हात लावून उभा होतो, आणि ती खोलीच्या सावलीत शेपूच्या जुड्या बांधत बसली होती. तिनं वर न बघता म्हटलं,

"दादा, काठी टेकत आलाव म्हंजे काम हाय."

"ताल बघाया आलो."

"बघा की. बघाया कोण अडवतंय. न्ह्यायला अडवते."

"पोट आलंय."

"मला रोज दिसतंय. तुमच्या आधीपासनं."

"मग?"

"मग काय. तुमी म्हातारे, मी म्हातारी, ती आपल्या दोघांपरीस म्हातारी. कोण आधी पडतंय बघू."

मी तिच्यासमोर दगडावर बसलो. तिनं तांब्या पुढं सरकवला. पाणी गार होतं. शेपूचा उग्र वास सगळीकडं होता, कोंबडी पायाशी उकरत होती.

मी म्हणालो, "गोदे, रिवाज हाय. पाडव्यामागनं माती वर जाती."

"रिवाज बैलासंगं गेला. इतकी वरसं रिवाज निजलाच हुता की. म्या दोन वाफे लावले तवा उठला व्हय त्यो?"

"तुला आठवतंय का, टोपली डोक्यावर घिऊन तूच चालायचीस. कुणाला हात लावू देत न्हवतीस."

तिचे हात थांबले. "आठवतंय," ती म्हणाली. "चुंबळ ढिली असली की माती कानात जायची. आई कान साफ करायची."

"मग बापाचं तरी ऐक. माती ही रानाची लेक..."

"पुरे," ती म्हणाली, आणि हसली. लहानपणी हसायची तशीच, खालचा ओठ दातात धरून. "ती गोष्ट गडीमाणसांची, दादा. चांगली हाय. पर ताल आधी झाली, गोष्ट मागनं."

"म्हंजे?"

"आईनं तुमास्नी ओवी पुरी कवा म्हणून दाखवली न्हाय. गड्यांम्होरं निम्मीच म्हणायची."

आणि तिनं जुडीला दोरा गुंडाळत, गळा नसलेल्या आवाजात, म्हणून दाखवली:

माघारीण ग रखमा, तिला उंबरा लागना
दगडाशेजारी दगड, तिला दुसरं सुचना

मी विचारलं, रखमा कोण. इतक्या वर्षांत हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं.

"आपल्या आज्याची थोरली बहीण. सासरनं माघारी आली ती आलीच. मुराळी गेला न्हाय आणाया, एकलीच चालत आली. सासरचं न्ह्यायला कुणी आलं न्हाय."

"काऊन?"

"काऊन ते कुणी सांगत न्हाय. हितं घरात कुणी वंगाळ बोललं न्हाय म्हणं. खायाला घातलं, नेसाया दिलं. पर ती वसरीवर यिऊन बसली की बाया आपला पाटा सरकवायच्या. सणाला हळदकुंकवाचा करंडा तिच्यापतूर यायच्या आधी संपायचा. मग ती सकाळी उठून रानात जायला लागली. दगड वेचते म्हणली. दगड वेचाया कुणी न्हाय म्हणत न्हाय. दिसभर दगड वेचायची आणि वढ्याच्या काठाला लावायची. वरसानुवरस. गावातली माणसं इचारायची, काय रं, माघारणीची ताल कुठवर आली? थट्टा करायची. तेच नाव ऱ्हायलं."

मी तालीकडं बघत होतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना दगड अजून घट्ट होते, मोठ्याला लहान, लहानाला मोठा, फटीत फट न येऊ देता लावलेले. आमच्या बापाच्या हातची ताल मी ओळखतो. ही त्याच्या हातची नव्हती. हे मला लहानपणीच दिसायला पाहिजे होतं, पण लहानपणी माणूस दगडाकडं बघत नाही, दगडाखालच्या विंचवाकडं बघतो.

"मातीसाठी रचली आसंल," मी म्हणालो. "भावाची माती जाऊ नये म्हणून."

"तसं बी आसंल," गोदा म्हणाली. "आई मात्र म्हणायची, तिला बसाया जागा न्हवती, म्हणून तिनं एक जागा रचली. माती मागनं यिऊन थांबली, तिची तिची."

कोंबडी ओरडली. गोदानं तिला हाकललं आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

"तुला कवा सांगितलं आईनं?"

"माझ्या लग्नाच्या वक्ताला, हळद दळताना. जात्याच्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाय. म्हणली, ही पट्टी तुझ्या बापानं आपल्या मनानं न्हाय दिली, म्या मागून घेतलीया. कवा यायची येळ आली तर ये. पर कुणाच्या वसरीवर बसू नगंस."

हे मी नवं ऐकत होतो. पट्टी बापानं दिली, आणि खालची दिली कारण ती सगळ्यात हलकी, असंच मी धरून चाललो होतो. तेव्हा ती हलकीच होती. तालीमागं नुसती पाऊलभर माती होती. आई जात्याशी बसून किती पुढचं बघत होती, हे त्या दगडावर बसून मला कळायला लागलं.

गोदाच पुढं बोलली. आवाज चढवला नाही.

"माती लागत आसंल तर न्ह्या दादा. तुमची हाय, मला ठाव हाय. पर मग मला बी न्ह्या. ही माती उचलली की हितं खाली मुरूम हाय. मुरमात मी काय लावू? मग मला तुमच्या वरच्या खोलीत यिऊन बसावंच लागंल. वैनी लई चांगली हाय. पाटा सरकवायची न्हाय. तरी मला त्यो आवाज ऐकू यील."

मी उठलो. तिनं एक शेपूची जुडी पुढं केली. मी घेतली. तिला मी काही कबूल केलं नाही आणि काही नाकारलंही नाही. वर चढताना मधल्या तालीशी थांबलो, गुडघ्यासाठी. तिथून मागं बघितलं तर खालची पट्टी तेवढी हिरवी होती. बाकी सगळा उतार उन्हात पांढरा पडलेला.

घरी आलो तर बायको अंगणात कुरडया वाळत घालत होती. तिनं जुडीकडं बघितलं.

"काय म्हणल्या वन्सं?"

मी विचारलं, "तुला रखमा ठाव हाय का?"

"हाय की."

"कवापासनं?"

"लगीन हून आले त्या पयल्या उन्हाळ्यापासनं. सासूबाईंनी सांगितलं, टोपल्या भरताना."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं कवा? तुमी सांगतच हुताव."

ती हसली नाही. कुरडई उलटी केली आणि कावळ्याला खडा मारला.

संध्याकाळी मी वरच्या रानात गेलो. उन्हं तिरपी झाली होती. बाप जिथं उभा राहून हाळी द्यायचा तिथं आता बोरीचं खुंट आहे. तिथून खाली वढ्यापर्यंत सगळा उतार नजरेत येतो. मला त्या उतारावर नेहमी गाड्या दिसायच्या, बैलांची शिंगं, आईचा हिरवा पदर, डोक्यावर टोपली घेऊन येणारी परकरातली गोदा. त्या दिवशी त्यांच्याही खाली, काठाला, एक बाई दिसायला लागली. तोंड दिसत नव्हतं. ती पाठमोरी बसली होती आणि तिच्या हाताशी दगड होते. आम्ही दरसाल तिथून माती भरून वाजतगाजत वर यायचो, आणि ती तिथंच. तिला कुणी पहिली टोपली भरू दिली होती का, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

पायाखालचा मुरूम मी चपलेनं उकरून बघितला. पाऊलभरही माती नव्हती. मला ह्या रानाचं वाईट वाटतं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिशा फाकायला, मी पहार घेऊन खाली गेलो. वढ्याच्या अंगानं गेलो, वावरातून गेलो नाही. पोट आलेल्या तालीला बाहेरून टेकू दिला तर ती टिकत नाही, ती आधी उतरवावी लागते, पार खालच्या थरापर्यंत, आणि मग नव्यानं लावावी लागते. मी वरच्या दगडाखाली पहार घातली आणि पहिला दगड काढला. मग दुसरा. गुडघा दुखत होता, पण दगड काढताना गुडघ्याचं काही चालत नाही. उन्हं येईपर्यंत मधला भाग छातीपासून कमरेपर्यंत उतरला होता आणि मागची काळी माती उघडी पडली होती, ओली, कापलेल्या गुळासारखी.

गोदा हातात मिसरी धरून बाहेर आली.

"दादा, काय करताय हे?"

"उतरवतोय."

"आणि मातीचं?"

"मातीचं काय. ताल उघडी हाय आता. पावसाच्या आत लावून झाली पायजे. न्हाय झाली तर तुझी बी गेली, माझी बी."

"वर न्ह्यायची न्हाय?"

"हाय तिथं राहू दे तिला."

ती मग वढ्यात उतरून तोंड धुऊन आली, पदर खोचला आणि माझ्याजवळ येऊन उघड्या पडलेल्या दगडांकडं वाकून बघितलं.

"आसं ढिगानं टाकू नगा," ती म्हणाली. "वरचं दगड एका अंगाला ठिवा, खालचं एका अंगाला. तिनं थरानं लावल्यात. मिसळलं की पुन्हा बसायचं न्हायती."

मी कुणाचं सांगितलेलं ऐकणारा माणूस नाही. त्या सकाळी टाकलेला ढीग मी पुन्हा फोडला, आणि वरचे दगड उजव्या हाताला ठेवत गेलो, खालचे डाव्या.